पेशीची वाटणी: सीताफळ ते धाराशिव



पेशी वाढते कशी आणि एकीच्या दोन होतात कशा, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पेशीशी काय करायचंय, असं काहींच्या मनात आलं असेल. पण एकाचे दोन कसे होतात, आणि दोन झाल्यावर तो पहिला कुठे जातो, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. आम्ही तो ग्रंथांत वाचला आणि वर्गात शिकवला. त्याचं उत्तर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली मिळालं. त्या उत्तराचा एक मोलाचा भाग आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत तयार झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिथपर्यंत आज आपल्याला जायचं आहे.

आधी शब्दाचं बघू. मराठवाड्यात 'पेशी' म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला कोर्टाची तारीख आठवते. निजामी अमदानीतला तो शब्द अजून आपल्या तोंडात आहे. शास्त्रातली पेशी वेगळी. सगळ्या सजीवांचं शरीर ज्या बारीक जिवंत घटकांचं बनलेलं असतं, त्यातला एक घटक म्हणजे पेशी. माणसाच्या अंगात अशा सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. आपण इथे बसलो आहोत तेवढ्यातही त्यांची उलाढाल चालू आहे. हाडांच्या आतल्या मगजात दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात.

आता 'विभाजन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जमिनीची वाटणी. बापाची सोळा एकर, दोन भावांत आठ-आठ, नातवांत चार-चार. चार पिढ्यांत बांधच जास्त आणि वावर कमी. म्हणजे आपल्या अनुभवातली वाटणी माणसाला लहान करत जाते. पेशीचं तसं नाही. पेशी आधी दुप्पट होते आणि मग वाटणी करते. आपल्याजवळचं सगळं दप्तर, म्हणजे ज्याला डीएनए म्हणतात ते, ती अक्षर न् अक्षर उतरवून काढते. सातबाऱ्याचा एक उतारा ह्या लेकीला, एक त्या लेकीला. दोघींना पूर्ण वारसा मिळतो, अर्धा कुणालाच नाही. माणसाच्या एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मावलेला असतो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात. तो न गुंतवता, न तोडता, दोन सारख्या हिश्शांत वाटायचा आहे.

हे माणसाला कळलं कसं? रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना पेशी हे नाव दिलं. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या दोघा जर्मनांनी सांगितलं की झाडं काय नि प्राणी काय, सगळे पेशींचेच बनलेले. पण नवी पेशी येते कुठून, ह्याचं त्यांचं उत्तर आज विचित्र वाटेल. पाकात खडीसाखर धरावी तशी शरीरातल्या द्रवातून पेशी आपोआप धरते, असं ते मानत होते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे आपले जुने वाद आठवतात. सांख्यांचं म्हणणं, कार्य कारणात आधीपासूनच असतं. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं, कार्य नव्यानेच जन्माला येतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर असंही म्हटलंय की परमाणूंच्या भेदाने पाहिलं तर शरीराचे अवयव मोजता येणार नाहीत इतके आहेत. पण म्हणून चरकाला पेशी माहीत होत्या असं म्हणायचा मोह आपण आवरला पाहिजे. चरकाने विचार केला होता आणि तो फार मोठा होता. पेशी दिसायला भिंग लागतं, आणि भिंग त्याच्याजवळ नव्हतं. आपल्या पूर्वजांचा मान त्यांच्या नावावर नसलेली गोष्ट चढवून वाढत नाही.

तर, पाकातून खडीसाखर ही कल्पना मोडून काढली रॉबर्ट रेमाक याने. कोंबडीच्या गर्भाच्या रक्तपेशी पाहत असताना त्याला पेशी दुभंगताना दिसली. १८५२ साली त्याने ठामपणे मांडलं की पेशी पेशीपासूनच होते, आणि गाठीतल्या पेशीही अशाच होतात. रेमाक ज्यू होता. धर्म बदलायला तयार नव्हता, म्हणून बर्लिनच्या विद्यापीठात त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. तीच गोष्ट रुडॉल्फ विर्शो याने १८५५ मध्ये एका सुटसुटीत लॅटिन वाक्यात सांगितली आणि जगाने ती विर्शोच्या नावावर लावली. शास्त्राच्या इतिहासातही वाटणीत असा अन्याय होतो.

ह्या वाक्याने फरक काय पडला? फार मोठा. पेशी द्रवातून धरत असेल, तर अंगातली गाठ म्हणजे बिघडलेलं रक्त, बाहेरची बाधा, कुणाची करणी, काहीही म्हणता येतं. पण पेशी पेशीपासूनच होत असेल, तर गाठ आपल्याच अंगातल्या एखाद्या पेशीची लेक आहे. ती परकी नाही. थांबायचं विसरलेली घरचीच आहे.

पुढे वाल्टर फ्लेमिंग याने सॅलामँडर नावाच्या प्राण्याच्या अळीतल्या पेशी रंगवून पाहिल्या. दुभंगण्याआधी केंद्रकात धागे दिसू लागतात, ते आखूड-जाड होतात, मधोमध येतात, उभे चिरतात आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे ओढले जातात, हे त्याने १८८२ च्या ग्रंथात चित्रांसकट दाखवलं. ग्रीक भाषेतल्या धाग्यावरून त्याने ह्या क्रियेला नाव दिलं. आपल्या परिभाषाकारांनी तोच अर्थ धरून 'सूत्री विभाजन' असा शब्द केला, आणि त्या धाग्यांना 'गुणसूत्रं'. चांगले शब्द आहेत. सूत हातात धरलेल्या माणसाला ते लगेच कळतात.

आता आपल्या मुलखात येऊ. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दिनकर दत्तात्रेय समर्थ नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची मुलगी कमल, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा, पण ती वनस्पतिशास्त्राकडे वळली. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिने एम.एस्सी. केलं, १९४३ साली. विषय काय होता? सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची पेशी आणि गुणसूत्रं.

सीताफळ म्हटल्यावर बीड जिल्ह्याने कान टवकारायला हरकत नाही. बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळ, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सीताफळाच्या प्रत्येक पेशीत १४ गुणसूत्रं असतात. पुण्यात ही मुलगी ह्या कुळाचा अभ्यास करत होती, त्या काळी माणसाची गुणसूत्रं किती, हे जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनाही बरोबर माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकांत ४८ लिहिलेलं असायचं. ती ४६ आहेत हे १९५६ साली ठरलं. झाडांच्या पेशी मोजणं सोपं, कारण मुळाचं कोवळं टोक घेतलं की तिथे विभाजन सतत चालू असतं. माणसाच्या पेशी अंगाबाहेर जिवंत ठेवणंच अवघड.

लग्नानंतर कमल समर्थ ह्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईला आल्या. तिथे परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालेलं होतं. विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. अंगाबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवायचं तंत्र शिकायला.

ह्या तंत्राची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०७ मध्ये रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातला मज्जातंतू एका थेंबात वाढताना दाखवला. १९१२ पासून अलेक्सिस कॅरल याने कोंबडीच्या हृदयाच्या पेशी वाढवत ठेवल्या आणि त्या अमर आहेत असा गाजावाजा झाला. अर्धशतक लोकांनी ते खरं मानलं. मग १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या दोघांनी दाखवलं की माणसाची निरोगी पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागते आणि थांबते. पेशीलाही आयुष्याची दोरी आहे.

पण गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली एक अपवाद सापडला होता. हेन्रिएटा लॅक्स, एकतीस वर्षांची, कृष्णवर्णीय, तंबाखूच्या शेतात राबलेली बाई. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. उपचार करताना तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेला दिला गेला. तिला कुणी विचारलं नाही. त्या पेशी थांबल्याच नाहीत, दिवसाला दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली. तिच्या पेशी 'हेला' ह्या नावाने आजही जगभर वाढतायत. घरच्यांना ते कळायला वीसेक वर्षं गेली.

कमलताई भारतात परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. काचेच्या बाटलीत जिवंत पेशी वाढवायच्या, तर जंतू एकही नको, तापमान अंगाएवढं, आणि खाद्य रोज ताजं. त्या काळच्या मुंबईत हे किती जिकिरीचं असेल, विचार करा. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करताना अनुवंश, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध त्यांनी शोधला. विषाणू हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. आदिवासी मुलांचं कुपोषण, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण, ह्यात त्यांनी उरलेली वर्षं घातली. २००१ मध्ये त्या वारल्या.

योगायोग असा की त्याच २००१ साली पेशीविभाजनाच्या नियंत्रणासाठी लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना नोबेल मिळालं. त्यांनी काय शोधलं? विभाजन कसं दिसतं हे फ्लेमिंगला माहीत होतं. विभाजन व्हावं की नाही, हे कोण ठरवतं, ते ह्या तिघांनी शोधलं. हार्टवेल आणि नर्स यांनी यीस्टवर काम केलं, हंट यांनी समुद्रातल्या प्राण्यांच्या अंड्यांवर. पेशीच्या आयुष्यात ठरलेले टप्पे असतात: आधी वाढ, मग दप्तराची नक्कल, मग तपासणी, मग वाटणी. प्रत्येक टप्प्यावर नाका आहे. नक्कल नीट झाली का? धागा कुठे तुटलाय का? तुटला असेल तर थांबा, दुरुस्त करा. दुरुस्त होत नसेल तर पेशी स्वतःलाच संपवते. आणि हे नियम इतके जुने आहेत की यीस्टमधलं बिघडलेलं जनुक काढून त्या जागी माणसाचं जनुक घातलं, तर यीस्टचं काम चालतं. नर्स यांच्या प्रयोगशाळेने हे १९८७ मध्ये दाखवलं.

ऊस तोडताना कोयत्याने बोट कापतं. आठ-पंधरा दिवसांत जखम भरते. दोन्ही काठांवरच्या पेशी वाढत येतात, एकमेकींना भिडतात आणि थांबतात. वाढ झाली ह्याचं आपल्याला अप्रूप वाटतं. खरं अप्रूप थांबण्याचं आहे. जखम भरल्यावरही त्या वाढतच राहिल्या असत्या, तर एक ओरखडा माणसाला पुरला असता.

मग हेन्रिएटाच्या पेशी का थांबल्या नाहीत? हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये दाखवलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे पॅपिलोमा नावाचा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, असतो. हेला पेशींतही तोच निघाला, त्याचा अठराव्या क्रमांकाचा प्रकार. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. ह्या विषाणूची दोन प्रथिनं पेशीच्या दोन पहारेकऱ्यांना निकामी करतात. एक पहारेकरी नक्कल सुरू करायची परवानगी देणारा, दुसरा बिघाड दिसला की थांबवणारा. नाके उघडे पडले की वाटणीवर वाटणी. आणि बघा, २००० साली अमेरिकेत हेला पेशींतली ती दोन प्रथिनं बंद पाडली गेली, तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं न थांबलेल्या पेशी थांबल्या. नाके मेलेले नव्हते, दाबून ठेवलेले होते.

ह्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी. विषाणू पुष्कळ जणींना होतो, आणि बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. ज्या थोड्याजणींत तो टिकून राहतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे मधे हातात वेळ असतो. त्या वेळात बघितलं तर बिघडलेल्या पेशी छोट्या उपचाराने काढता येतात. प्रश्न एवढाच: खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बाईसाठी हे कसं करायचं?

त्याचं उत्तर शोधलं गेलं उस्मानाबाद जिल्ह्यात. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये काम सुरू केलं. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू होती, म्हणून गावोगावची खरी माहिती मिळणं शक्य होतं. गावांचे ५२ गट केले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार भाग. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन पाहणं, तिसऱ्यात सौम्य व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी, प्रथिनं जास्त, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. चौथ्या भागात त्या वेळी जी नेहमीची सोय होती तेवढीच.

निकाल २००९ मध्ये छापून आला. आठ वर्षांच्या पाहणीत चौथ्या भागातल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ ह्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ जणींपैकी ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे जगभर ह्या चाचणीकडे देश वळले, त्यामागे ह्या अभ्यासाचं मोठं बळ होतं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाईची ही तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा व्हावी. जगाला मिळालेल्या ह्या पुराव्यात कळंब-तुळजापूरकडच्या बायका आहेत.

त्या चौथ्या भागाबद्दल पुढे वाद झाला. उपाय माहीत असताना काही जणींना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असं टीकाकारांनी विचारलं. देशात कुठेच तपासणीची व्यवस्था नव्हती, म्हणून नेहमीची सोय म्हणजे तेवढीच, असं संशोधकांचं उत्तर होतं. हा वाद आम्हाला पोकळ वाटत नाही. हेन्रिएटाला विचारलं नव्हतं. इथे विचारलं होतं, पण ज्या मुलखात काहीच सोय नाही तिथल्या होकाराला किती वजन द्यायचं? आमच्या मते त्या ६४ जणींचं देणं एकाच रीतीने फिटतं. त्यांच्यामुळे जे कळलं ते त्यांच्या शेजारणींपर्यंत पोचलं पाहिजे.

आणि ते पोचलं का? आपल्या जिल्ह्याचंच बघू. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक. कोयत्याची उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापणार, फडात ना पाणी ना आडोसा. पण कितीतरी जणींनी सांगितलेलं एक कारण आपल्या विषयाचं आहे. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलं की, पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल, असं त्यांना सांगितलं गेलं.

ह्या वाक्यात पेशीचा सगळा इतिहास उलटा फिरवलेला आहे. प्रत्येक तक्रार तपासली पाहिजे, दुखणं अंगावर काढू नये, हे खरंच. पण तक्रार म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर आहे की नाही हे पेशी बघून कळतं. पेशी न बघता नुसता शब्द उच्चारून ऑपरेशन होत असेल, तर आपण रेमाकच्याही मागे गेलो. शेजारच्या जिल्ह्यात एका तपासणीने मरण निम्मं झालं, ते शास्त्र. आपल्या जिल्ह्यात तपासणीशिवाय हजारो पिशव्या निघाल्या, ते भय. दोन्हींत शब्द एकच, कॅन्सर. फरक आहे तो विचारण्याचा.

म्हणून आम्हाला वाटतं, पेशी हा विषय दहावीच्या परीक्षेपुरता नाही. ज्या बाईला ठाऊक आहे की बिघाड व्हायला वर्षं लागतात आणि तो दिसू शकतो, ती डॉक्टरांना विचारू शकते: तपासणी केली का? रिपोर्ट कुठाय? दुसरीकडे दाखवू का? एवढे तीन प्रश्न जाणत्या माणसाने घरातल्या बाईसोबत जाऊन विचारावेत. आता एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली देशी लस २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. विषाणू अंगात शिरायच्या आधी, म्हणजे मुली लहान असतानाच, ती द्यायची असते. लेकीसाठी लस, आईसाठी तपासणी.

सुरुवातीचा प्रश्न उरला. एकीच्या दोन झाल्यावर पहिली कुठे जाते? कुठेच जात नाही. ती दोघींत पूर्ण असते. मेलेली पेशी मागे राहते, दुभंगलेली राहत नाही, आणि तरी तिचं काही हरवलेलं नसतं. ज्ञानाचीही वाटणी अशीच होते. सांगणाऱ्याचं कमी होत नाही, ऐकणाऱ्याला पूर्ण मिळतं. आज इथे जे ऐकलंत त्याचा उतारा घरी गेल्यावर आणखी एकीला द्या.